दुपारनंतर डोळे चुरचुरतात, संध्याकाळी कपाळ दुखते: नेमके काय करावे?

मालवण तालुक्यातील किनारी गावात राहणाऱ्या एका गृहस्थांनी सविस्तर प्रश्न पाठवला आहे. वय ४४, लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे १.५, चष्म्याची शेवटची तपासणी चार वर्षांपूर्वी. मुंबईतील एका कंपनीचे हिशेबाचे काम ते २०२० पासून गावच्या घरी बसून करतात. रोज नऊ-दहा तास लॅपटॉप, आणि उरलेल्या वेळात मोबाईल. दुपारी जेवणानंतर डोळे चुरचुरू लागतात, संध्याकाळी भुवयांच्या वर कपाळ ठणकते, आणि लॅपटॉपवरून नजर उचलून अंगणाकडे पाहिले की काही क्षण सगळे धूसर दिसते. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊन झाला, औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून पाच महिने वापरून झाले, आई गुलाबपाण्याचा आग्रह धरते. पत्नी काजूच्या कारखान्यात गरांची प्रतवारी करते आणि तिचेही डोळे दुखतात. मुलगी सातवीत आहे. ‘हे सगळे स्क्रीनमुळेच होते का, आणि यावर कायमचा उपाय काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात चोवीस वर्षे नेत्रतपासणी करताना ही तक्रार मी हजारो वेळा ऐकली आहे. कोणी ‘डोळे झोंबतत’ म्हणते, कोणी ‘डोके जड होते’ म्हणते, कोणी नुसतेच ‘नंबर वाढला वाटते’ असे सांगते. उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘डोळे शिणले’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी येतात: जवळचे पाहण्यासाठी आतल्या स्नायूंना पडणारे कष्ट, डोळ्याच्या पृष्ठभागाचा कोरडेपणा, आणि प्रकाशाची चुकीची मांडणी. तिघांचे उपाय वेगळे आहेत. कोरड्या डोळ्याला चष्मा दिला किंवा नंबर चुकलेल्या डोळ्यात थेंब घातले, तर पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते. तुमच्या पत्रात तिन्हींच्या खुणा दिसतात, म्हणून एक-एक घेतो.

तुमचे दुपारचे चुरचुरणे बहुधा कोरडेपणाचे आहे आणि संध्याकाळचे कपाळ बहुधा स्नायूंच्या श्रमाचे. नजर उचलल्यावर काही क्षण धूसर दिसते, तेही त्याच स्नायूंमुळे.

डोळ्याच्या आत नेत्रभिंगाभोवती एक गोलाकार स्नायू आहे. लांब पाहताना तो सैल असतो. जवळ पाहायचे झाले की तो आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि जवळची अक्षरे स्पष्ट दिसतात. हे काम किती, ते मोजता येते: वस्तू मीटरमध्ये जितकी दूर, त्या आकड्याने एकाला भागायचे, की उत्तर डायॉप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याच्या नंबराच्याच एककात मिळते. तुमचा लॅपटॉप ६० सेंटिमीटरवर असेल तर १.७ डायॉप्टर, पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर २.५, आणि अंथरुणात पडून २५ सेंटिमीटरवर धरलेला मोबाईल तब्बल ४ डायॉप्टर. आता दुसरी बाजू पाहा. चाळिशीच्या मध्यावर डोळ्याची ही जुळवून घेण्याची पूर्ण क्षमता साधारण ४ ते ५ डायॉप्टरच उरलेली असते. दहा वर्षांच्या मुलाकडे ती १२ च्या पुढे असते. स्नायूला दीर्घकाळ सुखाने काम करायचे असेल तर क्षमतेच्या निम्म्याहून अधिक खर्च करू नये, हा आमच्याकडचा जुना आडाखा आहे. म्हणजे वयाच्या ४४ व्या वर्षी लॅपटॉप तुमच्या आवाक्यात आहे, पुस्तक काठावर आहे, आणि रात्रीचा मोबाईल तुमच्या डोळ्याला जवळजवळ पूर्ण ताकद लावायला भाग पाडतो. लोक दोष लॅपटॉपला देतात, कारण तो कामाचा आहे आणि त्याचा कंटाळा आलेला असतो. माझ्या मते तुमच्या कपाळदुखीत मोबाईलचा वाटा लॅपटॉपहून मोठा आहे.

तुमच्या उणे नंबरामुळे तुम्हाला एक सोय आपोआप मिळालेली आहे, आणि ती तुम्ही वापरत नसावात. उणे १.५ नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय ६५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर स्पष्ट दिसते. म्हणजे लॅपटॉप ६० सेंटिमीटरवर ठेवून चष्मा काढला तर तुमच्या स्नायूला जवळजवळ काहीच करावे लागत नाही. मोबाईल ४० सेंटिमीटरवर धरला तर १ डायॉप्टर पुरे. चष्मा काढल्याने नंबर वाढतो ही समजूत इथे घट्ट बसलेली आहे, विशेषतः लहानपणी ‘चष्मा काढू नकोस’ हे ऐकत मोठे झालेल्यांमध्ये. प्रौढ वयात जवळच्या कामासाठी लांबचा चष्मा काढून ठेवल्याने काहीही बिघडत नाही. एक अट मात्र आहे. तुमचा नंबर चार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात थोडासा सिलिंडरचा (बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे लागणारा) नंबर असेल, किंवा दोन्ही डोळ्यांत आज फरक पडलेला असेल, तर चष्मा काढून अक्षरे दुहेरी कडांची दिसतील आणि डोके अधिकच दुखेल. अर्धा डायॉप्टरचा सिलिंडरही दिवसभर आकडे वाचणाऱ्या माणसाला पुरेसा त्रास देतो. म्हणून आधी तपासणी, मग हा प्रयोग.

लॅपटॉपवरून नजर उचलल्यावर अंगण धूसर दिसते, याचे कारणही तोच स्नायू आहे. तासन्‌तास आकुंचित राहिलेला स्नायू लगेच सैल होत नाही. काही क्षणांत दृष्टी साफ होत असेल तर घाबरण्यासारखे काही नाही, मात्र दिवसात किती सलग वेळ तुम्ही नजर उचललेलीच नाही, हे त्यातून कळते. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहण्याचा नियम तुम्ही वाचला असेल. वीस सेकंद पुरतात याचा पुरावा फारसा भक्कम नाही. पण वारंवार नजर लांब नेण्याचे तत्त्व बरोबर आहे. वीस फूट म्हणजे सहा मीटर, आणि इतक्या अंतरावर स्नायूला जेमतेम सहावा हिस्सा डायॉप्टर काम उरते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याहून चांगले मिळते. पडवीतून पोफळींच्या वरून समुद्राची रेघ दिसत असेल, तर तिथे हे काम शून्यावर येते. मी माझ्या रुग्णांना मिनिटे मोजायला सांगत नाही. हिशेबाचे एक पान संपले, एक फोन झाला, एक ईमेल पाठवला, की उठून पडवीच्या कठड्यापर्यंत जाऊन यायचे, असे सांगतो. उठल्यामुळे मानही सुटते, आणि तुमच्या कपाळदुखीत मानेचा हिस्सा असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

आता कोरडेपणा. ‘इतक्या दमट हवेत डोळे कोरडे कसे पडतील?’ असे मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. अश्रूंचा थर डोळ्यावर पापणीच पसरवते. माणूस गप्पा मारताना मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो; पडद्याकडे एकटक पाहताना तेच प्रमाण पाच-सातवर येते, आणि त्यातलीही बरीच मिटणी अर्धवट असतात, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. त्यामुळे बुबुळाचा खालचा भाग उघडा राहून कोरडा पडतो. त्यात आपल्याकडचा पंखा येतो. मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना टेबलफॅन थेट तोंडावर लावून बसणे हे कोकणात इतके सवयीचे आहे की रुग्ण ते सांगतही नाहीत, मला विचारावे लागते. हवा कितीही दमट असली तरी वेगाने वाहणारी हवा डोळ्यावरचा पातळ थर उडवते. पंखा पाठीमागून किंवा पायांकडे लावून पाहा. घाम तितकाच सुकतो. कित्येकांची निम्मी तक्रार एवढ्यानेच गेलेली मी पाहिली आहे.

अश्रूंचा सर्वांत वरचा थर तेलकट असतो आणि तोच खालच्या पाण्याचे बाष्पीभवन रोखतो. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या ग्रंथींमधून येते. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. पापणी पूर्ण मिटली की त्या दाबल्या जातात आणि थेंबभर तेल बाहेर येते. पापण्या पूर्ण मिटण्याची सवय मोडली की तेल आतच घट्ट होते, लोण्यासारखे. उपाय साधा आहे. स्वच्छ सुती रुमाल गरम पाण्यात, म्हणजे तान्ह्या बाळाला अंघोळ घालू इतक्या गरम पाण्यात, बुडवून पिळावा, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावा, निवला की पुन्हा भिजवावा, आणि हे आठ-दहा मिनिटे चालू ठेवावे. त्यानंतर धुतलेल्या बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, पापणीच्या केसांच्या दिशेने, हलकेच चोळावी. बुबुळावर दाब देऊ नये. रोज रात्री दोन-तीन आठवडे केल्यावरच फरक कळतो. एका दिवसात सोडून देऊ नये.

थेंबांविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. लाली घालवणाऱ्या थेंबांत बहुतेकदा नॅफाझोलिनसारखे औषध असते. ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे डोळा पांढरा दिसतो. औषध उतरले की त्याच वाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक फुगतात, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो. कोरडेपणावर त्याचा काही उपयोग नाही. पाच महिने वापरले असतील तर ते आजच बंद करा आणि चार-सहा दिवस डोळे थोडे लाल राहतील हे गृहीत धरा. याहून धोकादायक दुसरी बाटली असते. काही वर्षांपूर्वी तिशीतला एक तरुण ‘नजर आतून आवळत चालली आहे’ म्हणून माझ्याकडे आला. डोळे लाल होतात म्हणून त्याने जवळच्या एका औषध दुकानातून थेंब घेतले होते आणि दीड वर्ष, रोज, कोणत्याही डॉक्टरला न विचारता ते घालत होता. बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिले होते. स्टेरॉइडमुळे त्याच्या डोळ्यातला दाब वाढला होता आणि दृष्टीच्या मज्जातंतूचे जे नुकसान झाले होते ते परत येणार नव्हते. काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही. त्याच्यासमोर हे बोलताना माझा आवाज स्थिर राहिला नाही, आणि आजही आठवले की संताप येतो. म्हणून सांगतो: बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही छापले असेल, तर नेत्रतज्ज्ञाने मुदत ठरवून दिल्याशिवाय ती घरात ठेवूही नये.

कोरडेपणासाठी जे हवे आहे ते कृत्रिम अश्रू. त्यात बहुधा कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज असते, साधारण ०.५ टक्के. दिवसातून तीन-चार वेळा घालायला हरकत नाही. त्याहून अधिक लागत असतील तर टिकवण्याचे रसायन नसलेले थेंब घ्यावेत, कारण ते रसायनच वारंवार गेले की पृष्ठभागाला इजा करते. बाटली उघडल्यापासून महिनाभरात टाकून द्यावी. झाकणावर तारीख लिहून ठेवण्याची सवय चांगली. सर्दीच्या किंवा खाजेच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या आईंचे गुलाबपाणी, आणि त्याच रांगेतले मध, तूप, त्रिफळ्याचे पाणी, यांविषयी मला आईंना दुखवायचे नाही. थंड पाण्याचा हबका मिटलेल्या डोळ्यांवर मारला तर बरे वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण घरी केलेले किंवा बाजारातले कुठलेही पाणी निर्जंतुक नसते, आणि बुबुळावर बारीकसा ओरखडा असेल तर तिथे जंतू शिरतात. भाताच्या कापणीच्या दिवसांत भाताचे पाते डोळ्याला लागून बुबुळावर बुरशीची जखम झालेले रुग्ण दरवर्षी येतात, आणि त्यातले अनेक जण चार-पाच दिवस घरगुती औषध घालून मग येतात. तेवढ्यात बुबुळ पांढरे पडलेले असते. शेतात काही लागून दुखणारा, प्रकाश सहन न होणारा लाल डोळा हा थकव्याचा डोळा नव्हे. त्याला त्याच दिवशी दाखवले पाहिजे.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर खर्च झाला आहे, त्याचे वाईट वाटते. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी संगणकाच्या कामातला डोळ्यांचा थकवा कमी होतो असे त्यातून दिसले नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश आकाशाच्या प्रकाशापुढे नगण्य असतो. ढगाळ जुलैच्या दिवशी अंगणात उभे राहिलात तरी लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश डोळ्यांत जातो. तो चष्मा वापरल्याने अपायही होणार नाही. त्याच काचांमध्ये योग्य नंबर असता तर उपयोग झाला असता.

प्रकाशाच्या मांडणीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते, आणि जुन्या कौलारू घरांत तो प्रश्न वेगळाच असतो. माजघर अंधारे, एखादे काचेचे कौल, आणि पडवीसमोर झळझळीत अंगण. तुम्ही पडवीत अंगणाकडे तोंड करून बसत असाल तर लॅपटॉपच्या मागे सतत उजेडाची भिंत असते. बाहुली त्या उजेडाने आकसते आणि पडदा अंधुक वाटतो, मग तुम्ही पडद्याचा उजेड वाढवता. अंगणाकडे पाठ केली तर पडद्यावर अंगणच दिसते. खिडकी किंवा अंगण डाव्या किंवा उजव्या हाताला यावे अशा रीतीने टेबल फिरवा. पडद्याचा उजेड इतका ठेवा की त्याच्या शेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडद्यावरचे पांढरे पान सारखेच उजळ दिसेल. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. नजर थोडी खाली झुकली की पापण्यांची फट लहान होते आणि डोळा कमी सुकतो. लॅपटॉप ठोकळ्यावर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अक्षरे मोठी करायला संकोच करू नका.

अंतर मोजून चष्मा करणे म्हणजे काय, ते एका कलाकाराच्या उदाहरणाने सांगतो. आमच्या भागातल्या एका गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कार्यशाळेत, काम करणारे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ श्रावणात माझ्याकडे आले. गावातली घरे आपापले पाट त्यांच्याकडे आणून ठेवतात, त्यावर मूर्ती उभ्या राहतात, आणि सगळे रंगकाम झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते. ती आखणी हे गृहस्थच करतात. त्या वर्षी हात थरथरतो म्हणून त्यांनी कुंचला मुलाकडे द्यायचे ठरवले होते. मी त्यांना त्यांच्या कुंचल्यासह पुन्हा बोलावले, टेबलावर एक छोटी मूर्ती ठेवली आणि आखणी करतात तसे बसायला सांगितले. हात पुढे, मनगट डाव्या हाताच्या मुठीवर टेकलेले, चेहऱ्यापासून मूर्तीचा डोळा ६५ सेंटिमीटरवर. त्यांचा चष्मा होता वाचनाचा, अधिक २.२५ चा, म्हणजे ४० सेंटिमीटरसाठी केलेला. त्यातून मूर्ती स्पष्ट दिसावी म्हणून ते पुढे झुकत होते. झुकले की कोपर दुमडे, मनगटाचा टेकू सुटे आणि हात थरथरे. मोजपट्टीने ते अंतर घेऊन आम्ही अधिक १.२५ चा, फक्त त्या कामापुरता चष्मा केला, आणि शाळेत डोक्यावर लोंबणाऱ्या एका दिव्याऐवजी डाव्या बाजूने झाकलेला पांढरा दिवा लावायला सांगितला. साठीच्या डोळ्यातल्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, त्यामुळे वय वाढेल तसा कामावरचा उजेड वाढवावाच लागतो. त्या वर्षीची आखणी त्यांनीच केली.

पत्नीच्या बाबतीत नेमके हेच विचारायचे: गर डोळ्यांपासून किती अंतरावर असतात, आणि उजेड कुठून येतो. डब्ल्यू-३२० प्रतीचे गर एका पौंडात ३०० ते ३२० बसतात, डब्ल्यू-२४० चे २२० ते २४०. हा फरक डोळ्याने, वेगाने, दिवसभर ओळखायचा असतो, शिवाय तुटका, डागाळलेला, करपलेला गर वेगळा काढायचा असतो. पांढुरका गर चकचकीत स्टीलच्या टेबलावर शोधणे हे डोळ्यांना विनाकारण कठीण आहे. टेबलावर गडद हिरव्या किंवा निळ्या रंगाचा, न चमकणारा आणि धुता येणारा पृष्ठभाग असेल तर गराची कड उठून दिसते. कारखान्याच्या मालकांना हे सांगून पाहावे. खर्च फार नाही आणि प्रतवारीतल्या चुकाही कमी होतात. त्यांचे वय चाळिशीच्या आसपास असेल तर जवळचा नंबर लागला असण्याची शक्यता खूप आहे. इथल्या बायका चाळिशीचा चष्मा लावायला कचरतात, वय दिसते म्हणून, आणि चार-पाच वर्षे डोकेदुखीच्या गोळ्या खातात. त्यांना सोबत घेऊन या. कामावर डोळे चोळायचे नाहीत एवढे मात्र आतापासूनच सांगा. सालीची धूळ आणि टरफलातल्या तेलाचा अंश बोटांवर असतो, आणि ते तेल त्वचा भाजते.

मासेमारीला जाणारे किंवा दिवसभर वाळूवर असणारे कोणी घरात असेल, तर त्यांचा ताण जवळच्या कामाचा नसून पाण्यावरच्या चकाकीचा असतो. त्यांना अतिनील किरण पूर्ण अडवणारा, पोलरायझ्ड काचांचा चष्मा आणि रुंद काठाची टोपी द्यावी. नुसती काळी काच बाहुली मोठी करते आणि अतिनील किरण अडवत नसेल तर उलट घातक ठरते.

सातवीतल्या मुलीची चिंता मी वेगळ्या कारणाने करतो. प्रौढ माणसाला स्क्रीनचा थकवा येतो, पण त्याने डोळ्याचे कायमचे नुकसान होत नाही. वाढत्या वयात मात्र सतत जवळचे काम आणि घराबाहेरच्या उजेडाचा अभाव यांचा उणे नंबर लागण्याशी संबंध आहे, आणि वडिलांना उणे नंबर असेल तर मुलीला तो लागण्याची शक्यता वाढते. रोज दोन तास मोकळ्या उजेडात घालवलेल्या मुलांमध्ये नंबर लागण्याचे प्रमाण कमी राहते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटे बाहेर राहण्याचा कार्यक्रमच घेतला. शाळेत चालत जाणे, संध्याकाळी किनाऱ्यावर खेळणे, अंगणात बसून अभ्यास करणे, सगळे यात मोजले जाते. वाचताना पुस्तक किमान तिच्या कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर असावे. वाचताना ती एक डोळा झाकत असेल, ओळ चुकत असेल किंवा अक्षरे हलतात म्हणत असेल, तर एक पेन तिच्या नाकाच्या दिशेने सावकाश आणून पाहा. पेन नाकापासून १० सेंटिमीटरपेक्षा दूर असतानाच तिला दोन दिसू लागले किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर दोन्ही डोळे आत वळवण्याची ताकद कमी आहे; त्यावर व्यायामाने चांगला गुण येतो, पण तो शिकवून घ्यावा लागतो. मुलांची तपासणी बाहुली मोठी करणारे आणि तो आतला स्नायू सैल करणारे औषध घालूनच करावी. अधिक (प्लस) नंबर असलेली मुले स्नायूच्या जोरावर तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतात आणि ‘डोळे उत्तम’ असा शेरा घेऊन घरी जातात, मग डोके दुखायचे थांबत नाही.

खालीलपैकी काही घडले तर मात्र हे उत्तर बाजूला ठेवून ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे जावे: डोळा अचानक लाल होऊन तीव्र दुखणे आणि उलटी होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, नजरेसमोर विजेसारखी चमक आणि काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, अचानक दोन-दोन दिसणे. पन्नाशीनंतर कानशिलापाशी नवी, एका बाजूची डोकेदुखी सुरू झाली आणि केस विंचरतानाही डोक्याची कातडी दुखत असेल, तर तेही त्याच यादीत धरावे. चष्म्याचा नंबर आठवड्या-आठवड्याला बदलतो असे वाटत असेल तर आधी रक्तातली साखर तपासावी.

तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर चष्म्याचा नंबर तिथे तपासता येतो. डोळ्याचा दाब आणि दृष्टिपटल मात्र तुमच्या वयात एकदा नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. जाण्याआधी घरी मोजपट्टी घेऊन तीन अंतरे लिहून ठेवा: डोळ्यापासून लॅपटॉप, डोळ्यापासून मोबाईल, आणि पत्नीने कामाला बसून दाखवल्यावर त्यांच्या डोळ्यापासून गर. ती नेहमी बसता तसेच बसून, दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावीत, कारण मोजताना प्रत्येक जण ताठ बसतो. जुना चष्मा, निळ्या काचांचा चष्मा, थेंबांच्या सगळ्या बाटल्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आणा. आणि मोटारसायकलवरून एकटे येऊ नका. दृष्टिपटल पाहण्यासाठी बाहुली मोठी केल्यावर तीन-चार तास जवळचे धूसर दिसते, ऊन सहन होत नाही, आणि परतीच्या रस्त्यावर समोरून येणारी एसटी नीट दिसली पाहिजे.